विश्रांतीकडून भाराकडे : धावपटूंच्या अतिश्रमजन्य दुखापतींच्या उपचारांचा इतिहास (१८५५ ते २०२५)

प्रस्तावना

क्रीडावैद्यकाच्या इतिहासलेखनात अपघाती दुखापतींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे अतिश्रमजन्य दुखापतींना मिळालेले नाही. कबड्डीच्या मैदानावर खेळाडूचा गुडघा पिरगळतो तेव्हा तो क्षण सर्वांना दिसतो. त्याची तारीख सांगता येते, साक्षीदार असतात. धावपटूची दुखापत अशी एका क्षणात होत नाही. एक किलोमीटर अंतरात सुमारे हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट प्रतिक्रिया पायाला सोसावी लागते. यांपैकी कोणतेही एक पाऊल धोक्याचे नसते. धोका असतो तो पावलांच्या बेरजेत आणि दोन धावांमध्ये शरीराला मिळणाऱ्या अपुऱ्या अवधीत. नडगीचे दुखणे, गुडघ्याच्या वाटीमागची कळ, टाचेच्या मागील कंडरेची सूज, तळव्याचे सकाळी उठताना होणारे दुखणे आणि हाडाला जाणारी सूक्ष्म चीर ही सर्व याच बेरजेची रूपे होत.

या दुखापतींवर सुमारे शंभर वर्षे एकच उपचार मान्य होता, तो म्हणजे विश्रांती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात मात्र एक विलक्षण उलटापालट झाली. जो भार रोगाचे कारण मानला जात होता, तोच मोजूनमापून औषध म्हणून दिला जाऊ लागला. ही उलटापालट कशी झाली, ती कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. उपचारांच्या या इतिहासात सिद्धान्ताने व्यवहाराला वाट दाखविली असे क्वचितच झाले. बहुतेक वेळा व्यवहार पुढे गेला आणि सिद्धान्ताला त्याच्या मागून धावावे लागले.

बराकीतील पाऊल

या विषयाचा आरंभ खेळाच्या मैदानावर नव्हे, तर सैन्याच्या बराकीत होतो. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने लांब पल्ल्याच्या संचलनानंतर शिपायांच्या पावलांना येणाऱ्या वेदनामय सुजेचे वर्णन प्रसिद्ध केले. जखम नाही, मुरगळणे नाही, तरीही शिपाई चालू शकत नाही, हे कोडे त्याच्यापुढे होते. कंडरेच्या आवरणाचा हा दाह असावा, असा तर्क त्याने केला. तो चुकीचा होता, परंतु ती चूक समजण्यास बेचाळीस वर्षे लागली. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९७ मध्ये स्टेखोव यांनी त्या किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की, या सुजलेल्या पावलांमध्ये चवड्याची लांब हाडे मोडलेली असतात. पुढे याला संचलनाचा अस्थिभंग असे नाव पडले. आज वैद्यकात स्ट्रेस फ्रॅक्चर हा शब्द रूढ आहे.

सैन्यातील या अनुभवाची एक बाजू विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हा विकार मुख्यतः नव्याने भरती झालेल्यांना आणि तोही प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत होत असे. मुरलेला शिपाई तेवढेच अंतर, तेवढेच ओझे घेऊन चालत असे आणि त्याला काही होत नसे. म्हणजे केवळ अंतर हे कारण नसून अंतरातील आकस्मिक वाढ हे कारण आहे, हा बोध बराकीतच उपलब्ध होता. परंतु त्या काळातील सैन्याला तो सोयीचा नव्हता. संचलनाचा कार्यक्रम बदलण्यापेक्षा शिपायाच्या पायात दोष शोधणे सोपे. सपाट पाऊल, कमकुवत कमान, क्वचित कामचुकारपणा, अशी कारणे पुढे करता येत होती. आरंभीच्या दिवसांत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसत असल्यामुळे तर शिपायावर संशय घेण्यास अधिकच जागा राहत असे.

खेळाडूंच्या संदर्भात हा विषय नीट मांडला गेला तो १९५० च्या दशकात. इंग्लंडमधील शल्यविशारद मायकेल देवास यांनी १९५८ मध्ये धावपटूंच्या नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर निबंध लिहिला. खेळाडू व प्रशिक्षक ज्याला साधे नडगी दुखणे म्हणतात, त्यातील काही रुग्णांत प्रत्यक्षात हाडाला चीर गेलेली असते आणि सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ती दिसेलच असे नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. रुग्णाचे बोट नेमके कोठे ठेवले जाते, याला यंत्राइतकेच महत्त्व देणारा हा निबंध होता. उपचार मात्र जुनाच, धावणे बंद.

युजीन येथील धावणारे शहर

विश्रांतीचा हा नियम अडचणीत आला तो धावणे ही सामान्य माणसांची सवय झाल्यावर. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑकलंड शहरातील मध्यमवयीन नागरिकांना संथ धावण्याची गोडी लावली. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तेथे गेले, त्या नागरिकांबरोबर धावताना मागे पडले आणि परत येताना ती कल्पना युजीन या आपल्या गावी घेऊन आले. हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये जॉगिंगवर लिहिलेल्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत रस्त्यारस्त्यावर माणसे धावू लागली.

बॉवरमन यांचे नाव आज बुटांच्या व्यापाराशी जोडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची खरी देणगी बूट नसून वेळापत्रक ही आहे. एक दिवस कठीण सराव, दुसऱ्या दिवशी हलका सराव, हा नियम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर सक्तीने लादला. त्या काळात अधिक अंतर म्हणजे अधिक पराक्रम अशी समजूत होती आणि हलका दिवस हा आळशीपणा मानला जाई. शरीराची सुधारणा धावताना होत नसून धावल्यानंतरच्या अवधीत होते, हे बॉवरमन यांना अनुभवाने कळले होते. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण त्यांच्यापाशी पुरतेपणी असण्याचे कारण नव्हते.

युजीनमध्येच डोनाल्ड स्लोकम आणि स्टॅन जेम्स हे दोन अस्थिशल्यविशारद कार्यरत होते. त्यांनी १९६८ मध्ये धावण्याच्या यांत्रिकीवर एकत्रित निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९७८ मध्ये जेम्स, बेट्स आणि ऑस्टर्निग यांनी धावपटूंच्या दुखापतींचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो या विषयातील पायाभूत लेख होय. निम्म्याहून अधिक दुखापतींचे मूळ सरावातील चुकांमध्ये असल्याचे त्यांना आढळले. अंतरात एकाएकी वाढ, तीव्रतेत एकाएकी वाढ, चढ-उतारांचा अतिरेक अशा त्या चुका होत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये १,६५० रुग्णांच्या १,८१९ दुखापतींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे ४२ टक्के दुखापती गुडघ्याच्या होत्या. दवाखान्यात आलेल्यांचीच ही नोंद असल्याने किती धावपटूंमागे किती जखमी, हे तिच्यावरून ठरत नाही, याचे भान ठेवावे लागते. पुढे २००७ मध्ये व्हान जेंट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा दुखापतीचे प्रमाण १९.४ ते ७९.३ टक्के असे निघाले. एवढी रुंद कक्षा म्हणजे दुखापत कशाला म्हणावे यावरच एकमत नसल्याचे लक्षण आहे.

याच स्टॅन जेम्स यांनी १९८४ मध्ये केलेली एक शस्त्रक्रिया जगप्रसिद्ध झाली. स्त्रियांची मॅरेथॉन त्या वर्षी प्रथमच ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झाली होती. जोन बेनॉइट या अमेरिकन धावपटूचा गुडघा मार्च महिन्यात लांब पल्ल्याच्या सरावात अडकू लागला. विश्रांती व इंजेक्शन यांनी गुण आला नाही. २५ एप्रिल रोजी जेम्स यांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून गुडघ्यातील तंतुमय पट्टा कापला. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, बेनॉइट यांनी निवड स्पर्धा २ तास ३१ मिनिटे ४ सेकंदांत जिंकली आणि ५ ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिस येथे सुवर्णपदक मिळविले. हा पराक्रम निर्विवाद आहे. तथापि त्यापासून जो धडा घेतला गेला तो संशयास्पद होता. बेनॉइट यांच्या गुडघ्यात कापता येण्यासारखे काहीतरी होते. बहुसंख्य धावपटूंच्या गुडघ्यात तसे काही नसते.

बुटाचा दोष

येथे बुटांच्या प्रकरणाचा परामर्श घेणे आवश्यक आहे, जरी तो थोडक्यात घेतलेला बरा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे मानले जाऊ लागले की, पाऊल आत कलंडणे हे दुखापतींचे मूळ असून आतील बाजूस टेकू दिलेला बूट त्यावर उपाय आहे. बराकीतील जुन्या सपाट पावलाचाच हा नवा अवतार होता, फक्त आता त्याला दुकान लाभले होते. पावलाचा ओला ठसा पाहून बूट निवडण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती तीस वर्षांनी. अमेरिकी सैन्यदलांत २००९-१० च्या सुमारास हजारो प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहण्यात आले, पण सरसकट एकाच प्रकारचा बूट मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. २०१६ मध्ये लक्झेंबर्ग येथील संशोधकांच्या ३७२ धावपटूंवरील चाचणीत आत कलणाऱ्या पावलांना टेकूच्या बुटाचा लाभ दिसला, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल. म्हणजे बूट निरर्थक नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो विकला गेला, तो प्रश्न मुळात बुटाचा नव्हता.

धावण्यापूर्वीच्या ताणण्याच्या व्यायामाची कथाही अशीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ नव्या शिपायांवर रॉडनी पोप यांनी केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताणण्याने दुखापती घटल्याचे आढळले नाही. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या तासांना मात्र ही बातमी अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

उमेओ येथील पायरी

टाचेच्या मागील जाड कंडरेचे, म्हणजे अकिलीस टेंडनचे, दुखणे हे धावपटूंच्या चिवट विकारांपैकी एक. दीर्घकाळ त्याला दाह समजून उपचार केले गेले. विश्रांती, बर्फ, दाहनाशक गोळ्या, टाचेखाली उंचवटा आणि काहीच चालले नाही तर शस्त्रक्रिया, असा क्रम असे. १९७८ मध्ये अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री प्रचारात आणली. ती मुळात ताज्या दुखापतीसाठी होती, पण लवकरच सर्वच दुखण्यांना लावली गेली. स्वतः मिर्किन यांनी २०१४ मध्ये बर्फ व पूर्ण विश्रांती यांबद्दलचे आपले मत बदलले.

वास्तविक दाहाच्या कल्पनेला १९७६ मध्येच तडा गेला होता. इटलीतील पुद्दू व सहकाऱ्यांनी या कंडरेच्या विकारांचे वर्गीकरण करताना दाखविले की, जुनाट दुखण्यात दाहापेक्षा तंतूंची झीज व विस्कळीतपणा प्रमुख असतो. हे खरे असेल तर दाहनाशक औषध कोणत्या शत्रूशी लढत होते, असा प्रश्न उभा राहतो. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील विल्यम स्टॅनिश आणि सँड्रा कर्विन यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात वेगळी दिशा दाखविली. कंडरा कमकुवत झाली असेल तर तिला क्रमशः भार देऊन सशक्त केले पाहिजे, आणि विशेषतः स्नायू लांबत असताना येणारा भार उपयुक्त ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही.

ते गेले उत्तर स्वीडनमधील उमेओ येथे घडलेल्या एका घटनेनंतर. हाकान आल्फ्रेडसन हे तेथील अस्थिशल्यविशारद स्वतः धावपटू होते आणि त्यांची स्वतःची कंडरा दुखत होती. शस्त्रक्रिया करून घ्यावी असे त्यांच्या मनात होते, परंतु वरिष्ठांनी नकार दिला. दुखणे त्या थराचे नाही, आणि एका शल्यविशारदाने त्यासाठी रजेवर जाणे विभागाला परवडणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा आल्फ्रेडसन यांनी ठरविले की, कंडरेवर इतका भार द्यायचा की ती तुटावी. तुटली म्हणजे शस्त्रक्रिया टाळता येणार नाही. ते पायरीच्या काठावर चवड्यांवर उभे राहून टाच पुन्हा पुन्हा खाली नेऊ लागले, वेदना होत असतानाही. कंडरा तुटली नाही. दुखणे मात्र थांबले. ही हकिगत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे.

या अपघाती निष्कर्षाचे त्यांनी १९९८ मध्ये प्रयोगात रूपांतर केले. जुनाट दुखणे असलेल्या पंधरा हौशी खेळाडूंना, ज्यांत बहुतेक धावपटू होते, बारा आठवड्यांचा कार्यक्रम दिला गेला. गुडघा सरळ ठेवून पंधरा वेळा तीन फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून तितक्याच. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस. भार सहज वाटू लागला की पाठीवर पिशवी घेऊन तीत वजन वाढवायचे. वेदना असह्य झाली तरच थांबायचे. बारा आठवड्यांनंतर पंधराही जण पूर्वीप्रमाणे धावू लागले. तुलनेसाठी घेतलेल्या, प्रचलित उपचार केलेल्या पंधरा जणांना अखेरीस शस्त्रक्रियाच करावी लागली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि संख्या लहान होती, हे या प्रयोगाचे उघड दोष. पण भिंतीला एकदा खिंडार पडले की त्याची रुंदी इतरांना वाढविता येते.

तसेच झाले. गोथेनबर्ग येथील सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाला व्यायाम करत असताना धावणेही चालू ठेवू दिले. अट एकच, दहापैकी पाचपेक्षा अधिक वेदना होऊ द्यायची नाही आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरली पाहिजे. सहा आठवडे धावणे बंद ठेवलेल्या गटापेक्षा या गटाचे काही वाईट झाले नाही. उपचाराच्या इतिहासात हे वाक्य लहान असले तरी त्याचे महत्त्व फार मोठे आहे. त्याने वेदनेचा अर्थ बदलला. आजवर वेदना म्हणजे थांबण्याची आज्ञा होती, आता ती मोजायचे माप झाली. डेन्मार्कमध्ये बेयर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले की, आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेला व्यायामही आल्फ्रेडसन यांच्या रोजच्या दोन वेळच्या व्यायामाइतकाच गुणकारी आहे. त्याच सुमारास रॅथलेफ यांनी तळव्याच्या दुखण्यावर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलण्याचा व्यायाम यशस्वीपणे वापरला.

गुडघ्याच्या बाबतीत वाट थोडी निराळी निघाली. स्टॅनफर्ड येथील फ्रेडरिक्सन यांना २००० मध्ये असे आढळले की, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस दुखणाऱ्या धावपटूंचे कमरेच्या बाजूचे स्नायू दुबळे असतात. सहा आठवड्यांच्या व्यायामाने २४ पैकी २२ जण पुन्हा धावू लागले. दुखणे गुडघ्यात आणि औषध कमरेत, ही कल्पना लोकप्रिय झाली. परंतु कॅनडातील क्वेबेक येथे एस्क्युलिये यांनी २०१८ मध्ये ६९ धावपटूंवर केलेली चाचणी सर्वांनाच विचारात पाडणारी ठरली. वाटीमागे दुखणाऱ्या धावपटूंच्या एका गटाला केवळ समजावून सांगण्यात आले की, अंतर, वेग व उतार वेदनेनुसार कसे कमी-अधिक करावेत. दुसऱ्या गटाला त्यासोबत व्यायाम, तर तिसऱ्याला धावण्याच्या शैलीत बदल शिकविला. तिन्ही गट सारखेच सुधारले. बॉवरमन यांचे वेळापत्रक येथे अर्ध्या शतकानंतर उपचार म्हणून परत आलेले दिसते.

हाडाचा अपवाद

भार हेच औषध, या सूत्राचा अतिरेकही घातक ठरतो. कंडरेला जे मानवते ते चीर गेलेल्या हाडाला मानवत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला किंवा नडगीच्या पुढील बाजूस चीर असेल, तर वेदना सोसून धावणारा माणूस पूर्ण अस्थिभंगाला आमंत्रण देतो. १९९५ मध्ये फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांनी एमआरआयच्या साहाय्याने नडगीच्या हाडातील बदलांच्या पायऱ्या ठरविल्या, त्यामुळे विश्रांती किती काळ द्यावी याचा अंदाज बांधणे शक्य झाले.

या अपवादाचा सर्वांत गंभीर भाग स्त्री धावपटूंशी निगडित आहे. १९८४ मध्ये, म्हणजे बेनॉइट यांच्या सुवर्णपदकाच्याच वर्षी, बार्बरा ड्रिंकवॉटर व सहकाऱ्यांनी दाखविले की, ज्या खेळाडूंची पाळी थांबली आहे त्यांच्या कण्याच्या हाडांतील खनिजद्रव्य घटलेले असते. त्यापूर्वी पाळी थांबणे हे कठोर सरावाचे स्वाभाविक फळ समजले जाई. काही प्रशिक्षक तर त्याला तंदुरुस्तीची खूण मानत. १९९२ मध्ये अपुरा आहार, पाळीतील बिघाड व हाडांची झीज या त्रयीला वैद्यकात नाव मिळाले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिचा विस्तार करून पुरुषांनाही त्यात समाविष्ट केले. म्हणजे वारंवार चीर जाणाऱ्या पायाचा उपचार अनेकदा पायात नसून ताटात असतो. ही गोष्ट दवाखान्यात विचारली जात नाही, आणि मुलीकडून आपण होऊन सांगितली जात नाही.

वाढीचे गणित

मग भार किती वेगाने वाढवावा? आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, असा नियम धावपटूंच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे ब्युइस्ट यांनी २००८ मध्ये ५३२ नवशिक्या धावपटूंवर त्याची परीक्षा घेतली. तेरा आठवड्यांचा सावकाश कार्यक्रम आणि आठ आठवड्यांचा प्रचलित कार्यक्रम यांत दुखापतींचे प्रमाण अनुक्रमे २०.८ आणि २०.३ टक्के असे, म्हणजे जवळजवळ समान निघाले. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या मनगटी घड्याळांतील नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या कोड्यावर काहीसा प्रकाश टाकला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच धावेतील उडी महत्त्वाची. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक अंतर एका दमात धावले की धोका वाढतो, असे त्यात दिसले.

महाराष्ट्रात २००४ पासून मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि शहरी मध्यमवर्गात धावणे रुजले. त्या वर्गापाशी घड्याळ आहे, बूट आहेत, फिजिओथेरपिस्टही आहे. परंतु आपल्याकडील धावणाऱ्यांचा एक मोठा समूह निराळाच आहे. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारी ग्रामीण मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना कोणत्याही तालुक्यात दिसतात. २०२४ च्या पोलीस भरतीत मुलांसाठी १,६०० व मुलींसाठी ८०० मीटर धावणे होते. अंतर फार नाही, पण वेळेला गुण आहेत आणि जाहिरात व मैदानी चाचणी यांमध्ये हाती राहणारा अवधी अनिश्चित असतो. त्यामुळे अनेकांचा सराव जाहिरातीबरोबर एकाएकी सुरू होतो आणि एकाएकी वाढतो. ब्राइटहाउप्टच्या नव्या शिपायाची अवस्था याहून वेगळी नव्हती.

या मुलांना आल्फ्रेडसन यांचा उपचार परवडत नाही असे म्हणता येणार नाही. त्याला एक पायरी आणि वह्या-पुस्तके भरलेली एक पिशवी पुरते, आणि महाविद्यालयाच्या मैदानाला पायऱ्या असतातच. त्यांना हवा आहे तो कोणती वेदना सोसायची आणि कोणती नाही हे सांगणारा माणूस. नडगीच्या लांबीभर पसरलेले, धाव सुरू होताच कमी होणारे दुखणे निराळे आणि एका बोटाने दाखविता येणारे, एका पायावर उडी मारताच कळ आणणारे, रात्रीही जाणवणारे दुखणे निराळे. दुसऱ्या प्रकारात धावणे त्याच दिवशी थांबवावे लागते आणि अस्थितज्ज्ञाकडे जावे लागते. पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष आले म्हणून मुलाला पुन्हा मैदानावर धाडता येत नाही; देवास यांनी १९५८ मध्ये लिहून ठेवलेली हीच गोष्ट होती.